दारावरची कडी

घराच्या दाराकडे आपण दिवसांतून अनेक वेळां पाहतों. पण पाहतों तें आंत जाण्याच्या किंवा बाहेर पडण्याच्या घाईंत. त्यामुळें दारावर काय काय बसविलेलें असतें आणि त्यांतील कोणती वस्तु कोणासाठीं आहे, याचा विचार करण्यास सहसा सवड होत नाहीं. आज तेवढी सवड आपण काढूं या. बिजागऱ्या दार तोलून धरतात. अडसर तें आंतून बंद करतो. कुलूप धनी बाहेर गेला असतां घराची राखण करतें. ह्या सर्व वस्तु घरधन्याच्या सोयीच्या आहेत. बाहेरच्या माणसासाठीं म्हणून दारावर बसविलेली वस्तु एकच. ती म्हणजे ठोठावण्याची कडी. इंग्रजींत जिला नॉकर म्हणतात ती हीच. घर ज्याचें नाहीं त्याच्या हातीं द्यावयाची ही वस्तु. आणि नवल असें कीं, दारावरच्या साऱ्या लोखंडी-पितळी सामानांत कारागिराची कला कोणाच्या वांट्यास अधिक आली असेल तर ती हिच्याच.

हिची रचना फार साधी आहे. पाठीमागें दाराच्या फळीवर घट्ट बसविलेली एक तबकडी. त्या तबकडींत बिजागरीप्रमाणें झुलणारी कडी किंवा लहानसा हातोडा. आणि तो जेथें आपटतो तेथें ठोकलेला मोठ्या डोक्याचा खिळा. बोटांच्या पेरांनीं जाड सागवानी फळीवर टकटक केलें तर आघाताचा बराचसा भाग आपल्याच हाताचें मांस शोषून घेतें आणि आवाज बाहेरच्या बाहेर विरतो. धातूवर धातु आपटला म्हणजे आघात आंखूड आणि तीक्ष्ण होतो, तो खिळ्यावाटे फळींत उतरतो, आणि सबंध दार नगाऱ्याच्या कातड्याप्रमाणें थरारून तो आवाज माजघरापर्यंत पोंचवितें. यांत मनगटाच्या बळाचें मोठेंसें काम नाहीं. कडी उचलावी आणि सोडून द्यावी. पुढचें तिचें वजनच पाहून घेतें. सत्तर वर्षांची म्हातारी असो कीं दहा वर्षांचा मुलगा असो, दोघांचीही हाक आंत ऐकूं जाते.

हें काम विजेच्या घंटेनें आतां केव्हांच आपल्याकडे घेतलें आहे. १८३१ सालीं जोसेफ हेन्‍री ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें तारेंतून वीज सोडून दूरची घंटा वाजवून दाखविली. पुढें अशा घंटेचीं बटणें घरोघरच्या चौकटींवर बसलीं, आणि शहरांतून तरी कडीची गरज उरली नाहीं. गरज संपली कीं वस्तु अडगळींत जाते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. जातें गेलें, कंदील गेला, शाईची दौत गेली. कडी मात्र गेली नाहीं. पितळी सिंहाचें तोंड, चेंडू धरलेला स्त्रीचा नाजूक पंजा, शेंपूट उंचावलेला मासा, अशा जुन्या नमुन्यांच्या कड्या आजही ओतल्या जातात, विकत घेतल्या जातात, आणि शेजारीं विजेचें बटण असलेल्या दारावर हौसेनें बसविल्या जातात.

लंडनमधील दहा नंबर डाउनिंग स्ट्रीट हें ब्रिटिश पंतप्रधानांचें निवासस्थान. १९९१ सालीं त्या इमारतीवर उखळी तोफांचा मारा झाला, आणि त्यानंतर तेथें स्फोटाला दाद न देणारें पोलादी दार बसविण्यांत आलें. तें आंतूनच उघडतें; पायरी चढून येणारा पाहुणा पहारेकऱ्यांच्या नजरेंतून आधींच गेलेला असतो. तरी त्या पोलादी दारावर सिंहमुखी कडी पूर्वीप्रमाणेंच लटकत आहे. जेथें कोणी ठोठावणार नाहीं तेथेंही जर ती हवीशी वाटते, तर तिच्यांत उपयोगापलीकडचें कांहींतरी असलें पाहिजे. तें काय असावें, याचा शोध घेण्यासाठीं आपण त्याच देशांतील एका फार जुन्या कडीकडे जाऊं.

ईशान्य इंग्लंडांत डरहॅम नांवाचें शहर आहे. तेथें नदीच्या वळणांतील उंच टेकाडावर एक भव्य ख्रिस्तमंदिर उभें आहे. त्याच्या बांधकामास १०९३ सालीं आरंभ झाला. ह्या मंदिराच्या उत्तर दरवाजावर बाराव्या शतकांत ओतलेली एक कांशाची कडी होती. अक्राळविक्राळ सिंहाचें रुंद तोंड, त्याभोंवतीं ज्वाळांसारखी पिंजारलेली आयाळ, डोळ्यांच्या जागीं दोन पोकळ खांचा, आणि जबड्यांत धरलेलें एक जाड वळें. त्या काळीं तेथें अशी रूढि होती कीं, एखाद्याच्या हातून मनुष्यवध घडला आणि मेलेल्याचे भाऊबंद सूड घेण्यासाठीं पाठीस लागले, तर त्यानें धांवत येऊन ही कडी वाजवावी. दरवाजाच्या वरच्या अंगास लहान खोल्या होत्या. तेथें मठांतील माणसें रात्रंदिवस पहाऱ्यास असत. कडी वाजतांच तीं खालीं येऊन दार उघडीत, आलेल्याचें नांव आणि त्याचा अपराध लिहून घेत, आणि डाव्या खांद्यावर पिवळा क्रूस शिवलेला काळा झगा त्याच्या अंगावर चढवीत. तेव्हांपासून ३७ दिवस त्याला कोणीही हात लावूं शकत नसे. अन्न आणि निवारा मठाकडून मिळे. तेवढ्या मुदतींत त्यानें शत्रूशीं समेट घडवून आणावा, नाहीं तर देश सोडून जाण्याची तयारी करावी.

१४६४ ते १५२४ ह्या साठ वर्षांची नोंद उपलब्ध आहे. तींत ३३१ अपराध्यांनीं येथें आसरा मागितल्याचें दिसतें, आणि त्यांतील बहुतेकांच्या माथीं मनुष्यवधाचा दोष होता. हे कोणी साधुसंत नव्हते. मध्यरात्रीं घोड्यांच्या टापा मागें वाजत आहेत, तोंडाला फेंस आला आहे, कपड्यांवर कदाचित् रक्तही आहे, असा मनुष्य अंधारांत तें वळें चांचपडतो आहे, हें चित्र डोळ्यांपुढें आणून पाहावें. त्याच्या आणि तरवारीच्या पात्यामध्यें त्या घटकेस एक कांशाची कडी एवढेंच काय तें असे. मठाचा नियमही लक्षांत ठेवण्याजोगा आहे: आधीं दार उघडावयाचें, अपराध मागाहून विचारावयाचा. पुढें राजसत्ता बळावली, कायद्याचा हात सर्वत्र पोंचूं लागला, आणि १६२४ सालीं इंग्लंडांत अपराध्यांचा हा आसऱ्याचा हक्क कायद्यानेंच रद्द झाला. मूळ कडी आतां मंदिराच्या संग्रहांत जपून ठेविली आहे; दरवाजावर १९८० पासून तिची हुबेहूब प्रतिकृति आहे. हक्क जाऊन चार शतकें लोटलीं, तरी त्या दरवाजाला ती कडी नसावी असें कोणाला वाटलें नाहीं.

आतां कडी धरावयास सिंहच कां, असा प्रश्न साहजिक येतो. जर्मनींत आखेन येथें सम्राट शार्लमेन याच्या प्रार्थनामंदिराच्या दारांसाठीं सुमारें ८०० सालीं ओतलेलीं सिंहमुखें आजही पाहावयास मिळतात. त्याहून कितीतरी आधीं, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं, चीनमध्यें हान राजवंशाच्या काळीं दारांवर श्वापदाचें तोंड आणि त्याच्या नाकांत किंवा जबड्यांत अडकविलेली कडी बसवीत. तिकडची दंतकथा अशी कीं, ड्रॅगनच्या नऊ पुत्रांपैकीं च्याओतू नांवाचा एक पुत्र शिंपल्याप्रमाणें मिटून राहण्यांत संतोष मानणारा होता. परक्यानें आंत शिरावें हें त्याला खपत नसे. म्हणून दाराची राखण त्याच्याकडे आली. आपल्या देवळांच्या उंबरठ्यांवर कोरलेलें कीर्तिमुख ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना ही कल्पना मुळींच परकी वाटणार नाहीं. वटारलेले डोळे, फाकलेला जबडा: वाईट हेतूनें येणाऱ्यानें येथूनच मागें फिरावें, अशी ती ताकीद असते.

परंतु कडीच्या बाबतींत ह्या ताकिदीबरोबर आणखी एक गोष्ट घडते. त्या भयंकर राखणदाराच्या दांतांतच कडी दिलेली असते, आणि ती धरण्यासाठीं पाहुण्याला आपला हात थेट त्याच्या जबड्याशीं न्यावा लागतो. ज्याच्या मनांत कपट असेल त्यानें कचरावें, ज्याचें काम खरें असेल त्यानें निःशंकपणें हात पुढें करावा, असा ह्या योजनेचा अर्थ मला दिसतो. एकाच आकृतींत नकारही आहे आणि निमंत्रणही आहे. घराची भीति आणि घराचें आतिथ्य अशा दोन परस्परविरुद्ध वृत्ति प्रत्येक गृहस्थाच्या मनांत वास करतात. त्या दोहोंना इतक्या थोड्या जागेंत एकत्र नांदविणारी दुसरी वस्तु घरांत क्वचितच सांपडेल.

ह्या कलेचा एक उत्कृष्ट नमुना तुर्कस्तानांत निपजला. त्या देशाच्या आग्नेय कोपऱ्यांत, तैग्रिस नदीच्या कांठीं, जिझ्रे म्हणून गांव आहे. तेथील मोठ्या मशिदीच्या दरवाजावर तेराव्या शतकांतील कांशाच्या दोन कड्या होत्या. प्रत्येक कडींत पंखांचे दोन ड्रॅगन सर्पाप्रमाणें वळलेले, आणि त्यांच्या मधोमध सिंहाचें मस्तक. त्याच मुलखांत होऊन गेलेला प्रसिद्ध यंत्रकार अल-जझरी यानें १२०६ सालीं पुऱ्या केलेल्या आपल्या ग्रंथांत अशाच घडणीच्या कडीचें वर्णन केलें आहे. पाण्याचीं घड्याळें आणि आपोआप चालणारीं यंत्रें रचणाऱ्या त्या बुद्धिमान् पुरुषास दाराची कडी ही आपल्या लेखणीस न शोभणारी वस्तु वाटली नाहीं, हें विशेष. दुर्दैवानें १९६९ सालीं त्या दोहोंपैकीं एक कडी चोरीस गेली. ती आज डेन्मार्कच्या राजधानींत, कोपनहेगन येथील डेव्हिड संग्रहांत आहे. तिची जोडीदारीण इस्तंबूलच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. परक्यास हांक मारतां यावी म्हणून जी दारावर टांगली, तीच एका परक्यानें उपटून नेली.

येथवर आपण कडीचें रूप पाहिलें. आतां तिचा आवाज ऐकूं. इराणांतील यझ्द शहराचें नांव आपल्यापैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेलें असेल. मुंबई-पुण्याकडील इराणी हॉटेलें ज्यांनीं काढलीं त्यांतील अनेक कुटुंबें त्याच भागांतून आलेलीं. यझ्दमधील जुन्या घरांच्या दोन फळ्यांच्या दारावर दोन निरनिराळ्या कड्या असतात. एका फळीवर जाड, लांबट दांडा. त्याचा आवाज भारी आणि खर्जांतला. दुसऱ्या फळीवर हलकें वळें. त्याचा आवाज बारीक. दांडा पुरुषांनीं वाजवावयाचा, वळें स्त्रियांनीं. आवाज ऐकतांच पाहुणा आहे कीं पाहुणी आहे हें आंत कळे, आणि दार उघडण्यास घरांतील पुरुषानें जावें कीं स्त्रीनें, हें त्यावरून ठरे. पडदा पाळणाऱ्या समाजाची ही सोय होती. ती आज आपल्याला रुचो वा न रुचो. परंतु नांव न सांगतां, तोंड न दाखवितां, केवळ एका ठोक्यानें येणाऱ्याची ओळख आंत पोंचविण्याची ही युक्ति मोठी मार्मिक होती यांत शंका नाहीं.

लंडन शहरांत अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत कडी एकच असे; भेद ठोक्यांत असे. टपालवाल्याचे ठरलेले दोन ठोके. नोकरानें किंवा माल घेऊन आलेल्या दुकानदाराच्या माणसानें एकच ठोका द्यावयाचा. सभ्य गृहस्थानें हलक्या हातानें पांचसहा ठोके लागोपाठ द्यावेत, आणि श्रीमंत बाईच्या गाडीमागें उभ्या असलेल्या हुजऱ्यानें खालीं उतरून सगळी आळी दणाणून सोडावी. येणाऱ्याची पायरी अशी दारांतच जाहीर होई. गरिबानें एका ठोक्यावर दुसरा ठोका दिला तर तो उद्धटपणा ठरे. तेव्हां कडी सर्वांच्या हातीं सारखी पडत होती असें म्हणण्यास जागा नाहीं, हेंही येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

पण त्याच शहरांतील एक चाल मला फार हृद्य वाटते. घरांत बाळ जन्मलें, किंवा कोणी अत्यवस्थ असलें, म्हणजे कडीला पांढरा चामडी हातमोजा गुंडाळून ठेवीत. तिचा ठोका मऊ पडावा, बाळंतिणीची किंवा रोग्याची झोंप मोडूं नये, हा मूळ हेतु. हळूहळू त्या हातमोज्यासच भाषा आली. रस्त्यानें जाणारा तो पाहून मनाशीं उमजे कीं ह्या घरांत कांहीं नाजूक प्रसंग आहे. चार्ल्स डिकन्स यानें १८३८-३९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'निकोलस निकल्बी' ह्या कादंबरींत केनविग्ज नांवाचा एक बेताच्या प्राप्तीचा गृहस्थ आहे. त्याच्या घरीं मूल जन्मतें तेव्हां तो मोठ्या थाटानें कडीला हातमोजा बांधतो. ह्या प्रसंगांत विनोद आहे, पण त्या विनोदाखालीं एका सामान्य बापाचा अभिमानही आहे. घरांतला आनंद बाहेरच्यांना सांगावा, पण तो त्यांनीं गोंगाट करून बिघडवूं नये, अशी दुहेरी विनंती तो एका हातमोज्यानें करतो.

ह्या लेखकाचें कड्यांकडे विशेष लक्ष होतें. १८३६ च्या आपल्या पहिल्या लेखसंग्रहांत त्यानें थट्टेनें असा सिद्धांत मांडला आहे कीं, माणूस आणि त्याच्या दारावरची कडी यांच्यांत थोडेंफार साम्य असतेंच. वाटोळ्या, हंसऱ्या सिंहाच्या दारामागें मोकळ्या मनाचा यजमान सांपडावयाचा. पुढें १८४३ सालीं त्याची 'अ ख्रिसमस कॅरोल' ही गोष्ट निघाली. तींत स्क्रूज नांवाचा एक महाकृपण रात्रीं घरीं येतो, आणि आपल्याच दाराच्या कडींत त्याला सात वर्षांपूर्वीं मेलेल्या भागीदाराचा चेहरा दिसतो. वर्षानुवर्षें ज्या कडीकडे त्यानें कधीं नीट पाहिलेंही नव्हतें, तीच आज त्याच्याकडे पाहते. भूत उभें करावयाचें तर खिडकी होती, जिना होता, आरसा होता. पण ज्याच्या दारीं कोणी आपण होऊन येत नाहीं, त्याला जाब विचारावयाचा तर तो कडीनेंच विचारावा, ही निवड किती अचूक आहे!

एका कडीसाठीं आख्खें घर विकत घेतल्याचेंही उदाहरण आहे. ऑक्सफर्ड येथें १५०९ सालीं स्थापन झालेलें ब्रेझनोज नांवाचें कॉलेज आहे. त्या नांवाचा अर्थच पितळी नाक. कॉलेज होण्यापूर्वीं त्या जागेवर विद्यार्थ्यांच्या निवासाची एक जुनी वास्तु होती, आणि तिच्या दारावर श्वापदाच्या मुखाची कडी होती. तिच्यावरून तें नांव पडलें. १३३० नंतरच्या दशकांत कांहीं असंतुष्ट मंडळी ऑक्सफर्ड सोडून स्टॅमफर्ड गांवीं गेलीं, आणि जातांना त्यांनीं ही कडी बरोबर नेली, असें परंपरा सांगते. राजाज्ञेनें विद्यार्थी परतले. कडी मात्र तेथल्याच एका घराच्या दारावर राहिली, तीहि थोडीथोडकी नव्हे, साडेपांच शतकें. १८९० सालीं तें घर विक्रीस निघालें, तेव्हां कॉलेजनें कडी परत मिळावी एवढ्याचसाठीं तें घर खरेदी केलें. आतां ती भोजनगृहांत मानाच्या टेबलाच्या वर लावलेली आहे. ठोठावण्याचें तिचें काम संपलें. परंतु आपण कोणत्या दारानें आंत आलों याची आठवण ती रोज जेवतांना करून देते.

हें सारें ऐकल्यावर आपल्याकडे काय होतें, असें कोणी विचारील. आपल्या जुन्या घरांच्या दारांवर सिंह-ड्रॅगन फारसे नव्हते. होती ती साधी लोखंडी किंवा पितळी कडी, किंवा चारसहा दुव्यांची सांखळी. पण तिची एक खुबी युरोपांतल्या कडीला नाहीं. तिकडे कुलूप वेगळें आणि ठोठावण्याची कडी वेगळी. आपल्याकडे घरधनी परगांवीं निघाला कीं हीच कडी कोयंड्यांत अडकवून तो तिला कुलूप लावी, आणि तो घरीं असला कीं तीच कडी वाजवून पाहुणा त्याला हांक मारी. राखण आणि आतिथ्य हीं दोन्ही कामें एकच वस्तु करी. म्हणूनच मराठींत आजही पाहुणा आला म्हणजे 'कडी वाजली' असें आपण म्हणतों. वाजलेली असते विजेची घंटा.

माझें लहानपण पुण्यांतील एका वाड्यांत गेलें. रात्रीं मोठा दरवाजा बंद झाल्यावर दिंडीची सांखळी वाजे. माझी आजी अंथरुणावर पडल्या पडल्या आवाजावरून माणूस ओळखी. "दोनदां वाजवून थांबला, म्हणजे तुझा काका." "घाईघाईनें वाजवतोय, शेजारच्या बिऱ्हाडांतला कोणी असेल, बहुधा डॉक्टरांकडे जायचं असेल." एक ठोका मात्र ती ओळखी आणि कांहीं बोलत नसे: तारवाल्याचा. अपरात्रीं तो वाजला कीं वाड्यांतील साऱ्या खिडक्यांत दिवे लागत, आणि ज्याची तार नसे त्याच्याही छातींत धस्स होई. तारेची ती सेवा २०१३ सालीं बंद झाली. त्या ठोक्याची स्मृति ज्यांना आहे अशीं माणसेंही आतां थोडींच उरलीं आहेत.

आजीनेंच मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती सांगतांना तिचा आवाज खालीं आला होता. तिच्या माहेरच्या गांवीं ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवलें जाई, त्यांना कडी वाजविण्याची मुभा नव्हती. त्यांनीं अंगणाच्या कडेस उभें राहून हांक मारावयाची आणि कोणी बाहेर येईपर्यंत उन्हांत थांबावयाचें. लहानपणीं तिनें एकदां विचारलें, "ते कडी कां नाहीं वाजवीत?" तेव्हां घरांत कोणीच उत्तर दिलें नाहीं. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता रद्द केली. पण कायद्याचें कलम आणि दारावरची कडी यांमधलें अंतर किती असतें, हें आपण सर्व जाणतों. डरहॅमच्या दारीं खुनी मनुष्याला जी कडी धरतां येत होती, ती आपल्या गांवांत निरपराध माणसाला धरतां येत नव्हती, हा विचार मनांत आला म्हणजे मान खालीं जाते. कडी कोणी वाजवावी आणि कोणी वाजवूं नये, एवढ्या एका प्रश्नावरून समाजाची परीक्षा होऊं शकते.

आतां आपण मूळ प्रश्नाकडे परत येऊं. काम संपूनही ही वस्तु माणसाला हवीशी कां वाटते? ती सुंदर असते म्हणून, हें उत्तर खोटें नाहीं. पण सौंदर्य तर आरशाच्या चौकटींतही असतें आणि फुलदाणींतही असतें. त्या वस्तु घरधनी स्वतःसाठीं घेतो, आणि त्या घराच्या आंत राहतात. कडी तो स्वतःसाठीं घेत नाहीं. स्वतःच्या दाराची कडी स्वतः वाजविण्याचा प्रसंग त्याला क्वचितच येतो. जो अजून आलेला नाहीं, ज्याचें नांव ठाऊक नाहीं, जो कदाचित् येणारही नाहीं, अशाच्या हातासाठीं तो ती निवडतो, पैसे मोजून घेतो आणि पुसून चकचकीत ठेवतो. ह्या घरास बाहेरच्या जगाची अपेक्षा आहे, एवढें ती कडी उघडपणें सांगत असते. माणसाला तिची ओढ वाटते ती ह्यामुळें, असें मला वाटतें.

विजेची घंटाही हांक पोंचवितेच. पण बटणाला वजन नाहीं, आणि सर्वांचा आवाज एकच. कोण आलें, कसें आलें, भीतभीत आलें कीं हक्कानें आलें, हें तिच्यावरून कळत नाहीं. अलीकडे तर दारांवर कॅमेरे आले आहेत. आंतल्या माणसास बाहेरचा दिसतो, बाहेरच्यास आंतला दिसत नाहीं. दार न उघडतां, क्वचित् उत्तरही न देतां, त्याला परत लावतां येतें. शहरांत एकटे राहणाऱ्या वृद्धांना आणि स्त्रियांना ह्या साधनाचा केवढा आधार आहे हें मी जाणतों. त्याची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. परक्यावर नजर ठेवण्याचें काम तो जुना सिंहही करीत होताच. मात्र तो डोळे वटारून पाहत असे, तेव्हां त्याच्या तोंडांत आपल्यासाठीं एक कडी असे. कॅमेरा खुशाल बसवावा. पण त्याच दारावर, बाहेरच्याचा हात सहज पोंचेल अशा उंचीवर, एक कडीही असूं द्यावी. आणि ती वाजली तर उठून दार उघडावें.